भाग न देता ठरलेली मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही ३९ अंकी संख्या, म्हणजे २ च्या १२७व्या घातातून १ वजा. ती मूळ असल्याचे फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ साली दाखवले. यंत्राशिवाय, हाताने आकडेमोड करून सिद्ध झालेली ही सर्वांत मोठी मूळ संख्या.

अशा संख्यांचा नाद ग्रीकांपासूनचा. २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळाली, तर तिच्यावरून परिपूर्ण संख्या (स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते अशी) बनवता येते, हे युक्लिडने सांगितले होते: ३ वरून ६, ७ वरून २८. घातांक संयुक्त असला की उत्तरही संयुक्तच निघते. उलट मात्र खरे नाही. घातांक ११ घेतला की येतात २०४७, म्हणजे २३ × ८९.

मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या ‘चालणाऱ्या’ घातांकांची यादीच दिली. त्यातले ६७ आणि २५७ चुकीचे ठरले. ६१, ८९, १०७ राहून गेले. एवढ्या मोठ्या संख्या तपासायचे साधन त्याच्याकडे नव्हते, तेव्हा १२७ बरोबर लागला याचे फार कौतुक करू नये. तरी या संख्यांना नाव त्याचेच चिकटले.

ऑयलरने १७७२ मध्ये ३१ हा घातांक पडताळला. २१४७४८३६४७ चे वर्गमूळ ४६,३४० च्या आसपास, शिवाय तिच्या कोणत्याही विभाजकाला ६२ ने भागल्यास बाकी १ च उरायला हवी. त्यामुळे बहुतेक उमेदवार आधीच गळाले. १२७ साठी वर्गमूळच २० अंकी. तिथे ही युक्तीही अपुरी.

ल्युकांनी भागून पाहणेच सोडले. त्यांच्या कसोटीला डेरिक लेहमर यांनी १९३० साली दिलेले सुटसुटीत रूप असे: ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर शून्य आले तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. ३१ या संख्येचा घातांक ५, म्हणून तीन पायऱ्या: ४, १४, ८, ०. घातांक १२७ ला १२५ पायऱ्या लागतात.

गंमत अशी, की ही कसोटी संख्या संयुक्त असल्याचे सांगते, पण अवयव देत नाही. ६७ चा दावा ल्युकांनीच खोडला. अवयव मात्र १९०३ मध्ये अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. संख्या मूळ आहे का आणि तिचे अवयव कोणते, हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि दुसरा कितीतरी अवघड.

१९५२ मध्ये संगणकाने याच कसोटीने घातांक ५२१ गाठला. संगणकाला ती सोयीची, कारण द्विमान पद्धतीत या संख्येत नुसते १ च असतात आणि बाकी काढायला अंक सरकवून बेरीज केली की पुरते. २०२४ मध्ये सापडलेल्या, १३६२७९८४१ घातांकाच्या ४,१०,२४,३२० अंकी संख्येची पहिली चाळणी फर्माच्या कसोटीने झाली; ती संख्या बहुधा मूळ आहे एवढेच सांगते. शिक्कामोर्तब ल्युका-लेहमरनेच केले.