क्लाउड ॲप्लिकेशन स्ट्रीमिंग आणि क्लाउड फाइल साठवण

इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या दोन वेगळ्या संगणकसेवा. स्ट्रीमिंगमध्ये प्रोग्राम डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर चालतो आणि वापरणाऱ्याच्या पडद्यावर फक्त त्याचे चित्र येते. फाइल साठवणीत फाइलची प्रत सर्व्हरवर राहते. ती उघडणारा प्रोग्राम मात्र वापरणाऱ्याच्याच संगणकात असावा लागतो. पहिल्या सेवेत तारेतून चित्र आणि कळांचे ठोके जातात, दुसरीत फाइलचे तुकडे. वेग, खर्च, बिघाड यांतले जवळपास सगळे फरक एवढ्या एका गोष्टीतून निघतात. दोन्हींना सरसकट ‘क्लाउड’ म्हटले जाते, त्यामुळे छोट्या कचेऱ्यांत साठवणीच्या सेवेकडून प्रोग्राम चालवण्याचे काम मागितले जाते आणि डेटा बिघडतो.

ड्रॉपबॉक्स (२००८), गुगल ड्राइव्ह (२०१२) आणि मायक्रोसॉफ्टची वनड्राइव्ह या साठवणीच्या परिचित सेवा. स्ट्रीमिंगची परंपरा त्याहून जुनी आहे: सिट्रिक्स ही कंपनी १९८९ मध्ये स्थापन झाली आणि दुसऱ्या खोलीतल्या सर्व्हरवरचा प्रोग्राम आपल्या पडद्यावर आणण्याचे तंत्र तिने रुळवले. ॲमेझॉनची ॲपस्ट्रीम २.० ही सेवा २०१६ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टची अशी सेवा २०१९ पासून आहे. २०२१ पासून ती ॲझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉप या नावाने ओळखली जाते. ॲडोबी क्रिएटिव्ह क्लाउड मात्र नावात क्लाउड असूनही यांत मोडत नाही, कारण फोटोशॉप तिथे आपल्याच संगणकावर इन्स्टॉल होतो. गुगल डॉक्स हा तिसराच प्रकार. त्यात प्रोग्राम ब्राउझरसाठीच लिहिलेला असतो.

साठवण कशी चालते : संगणकावरच्या एका फोल्डरवर सेवेचा छोटा प्रोग्राम नजर ठेवतो. फाइल बदलली की बदललेला भाग सर्व्हरकडे जातो आणि तिथून त्याच खात्यावरच्या इतर संगणकांवर उतरतो. या कामाला सिंक म्हणतात. ड्रॉपबॉक्स फाइलचे ४ एमबीचे तुकडे करून प्रत्येकाचा ठसा, म्हणजे मजकुरावरून काढलेली छोटी ओळखखूण, काढते. ठसा जुळला तर तो तुकडा पुन्हा पाठवत नाही. म्हणून २ जीबीची फाइल पहिल्यांदा चढवायला ३० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) अपलोडवर साधारण ९ मिनिटे लागतात, पण पुढच्या छोट्या बदलाला काही सेकंद पुरतात. इथे प्रश्न तारेच्या रुंदीचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो याचा, असतो. सर्व्हर मुंबईत आहे की सिंगापूरला, याने वापरणाऱ्याला फारसा फरक पडत नाही.

जागा वाचवण्यासाठी बहुतेक सेवा फाइलचे फक्त नाव संगणकावर ठेवतात आणि उघडताना ती उतरवतात. वनड्राइव्हमध्ये अशा फाइलपुढे ढगाचे चिन्ह दिसते. कर्जत लोकलमध्ये बसून लॅपटॉप उघडला, फाइल दिसते आहे पण उघडत नाही, याचे कारण बहुधा हेच. प्रवासात लागणाऱ्या फोल्डरवर उजवी क्लिक करून तो ‘कायम या संगणकावर ठेवा’ या अर्थाच्या पर्यायाने आधीच उतरवून ठेवावा. हिरव्या भरीव वर्तुळात पांढरी बरोबरची खूण आली की प्रत खरोखर डिस्कवर आहे.

आणखी एक गैरसमज फार महागात पडतो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका संगणकावर फाइल पुसली की ती सगळीकडून पुसली जाते; रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली अडवणाऱ्या घातक प्रोग्रामने) कुलूपबंद केलेल्या फाइलीही तितक्याच इमानाने सगळीकडे पोहोचतात. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, नंतर आपोआप जाते. वर्षअखेरीला उघडायचा फोल्डर चुकून जूनमध्ये पुसला गेला, तर मार्चमध्ये तो मागून मिळत नाही.

स्ट्रीमिंग कसे उभारतात : ॲपस्ट्रीमचे उदाहरण घेतले तर क्रम असा. आधी एका कोऱ्या विंडोज सर्व्हरवर लागणारे प्रोग्राम, फॉन्ट आणि सेटिंग बसवून त्याची प्रतिमा, म्हणजे सगळ्या डिस्कची नमुना प्रत, गोठवतात. त्या प्रतिमेवरून एकसारख्या सर्व्हरांचा ताफा तयार होतो. मग कोणी आत यायचे, कोणाला क्लिपबोर्ड, छपाई व फाइल उतरवण्याची मुभा द्यायची हे ठरवतात. वापरणारा ब्राउझरमधून आत शिरतो. काम संपले की तो सर्व्हर मोडीत निघतो आणि पुढच्या वेळी नवा मिळतो. त्यामुळे सर्व्हरच्या सी ड्राइव्हवर किंवा डेस्कटॉपवर जतन केलेली फाइल दुसऱ्या दिवशी नसते. ती होम फोल्डरमध्ये किंवा जोडलेल्या वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्हमध्येच ठेवावी लागते. स्ट्रीमिंगला साठवण लागतेच. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे सांगितले नाही, तर पहिल्याच आठवड्यात रडारड होते.

इथे रुंदीपेक्षा अंतर महत्त्वाचे. कळ दाबल्यावर ठोका सर्व्हरकडे जातो, चित्र बदलते आणि परत येते. या फेरीला लागणारा वेळ हाताला जाणवतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या जाण्यायेण्याला निव्वळ अंतरापायीच १३० मिलीसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, प्रत्यक्ष केबलच्या वळणांमुळे त्याहून बराच जास्त. मायक्रोसॉफ्ट १५० मिलीसेकंदांच्या आत राहायला सांगते. आकडे टंकण्याच्या कामाला ५० च्या आत असले तर हात अडखळत नाही. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये, गुगलचे २०१७ मध्ये सुरू झाले, मायक्रोसॉफ्टचे मध्य भारत केंद्र पुण्यात आहे. म्हणून खाते उघडताना केंद्र मुंबई किंवा पुणे निवडले आहे ना, हे आधी पाहावे. पडदा संथ वाटत असेल तर नवा संगणक घेण्याआधी पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंतच्या फेरीचा वेळ, मोजावा. बऱ्याचदा दोष कचेरीतल्या वायफायचा असतो आणि लॅन केबल लावली की मिटतो.

साध्या कचेरीकामाला १.५ ते ३ एमबीपीएस पुरतात, पण ते सतत लागतात. २ एमबीपीएसने तासाला सुमारे ९०० एमबी डेटा जातो, म्हणजे मोबाइलचा रोजचा २ जीबीचा कोटा सव्वादोन तासांत संपतो. लोकलमध्ये एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना चित्र गोठते. पण काम जात नाही. सर्व्हरवरचे सत्र ठरवून दिलेली काही मिनिटे जिवंत राहते आणि पुन्हा जोडल्यावर कर्सर होता तिथेच असतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरातली वीज गेली, तशा प्रसंगी हा फरक दिसतो: साठवण वापरणाऱ्याचा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण न जतन केलेले काम बॅटरीबरोबर जाते, स्ट्रीमिंगवाल्याचे इंटरनेट तुटून काम लगेच थांबते, पण डेटा सेंटर जनरेटरवर असल्याने लिहिलेले तिथे शाबूत असते. सत्राची मुदत किती ठेवली आहे यावर ते किती वेळ शाबूत राहील हे अवलंबून.

टॅलीचा डेटा : काळबादेवीची पेढी, मस्जिद बंदरचे गोदाम आणि मुलुंडला घरून काम करणारा मुनीम, तिघांना एकच टॅली (हिशेब ठेवण्याचा प्रोग्राम) हवी असते. सोपा दिसणारा उपाय म्हणजे टॅलीचा डेटा फोल्डर गुगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये टाकणे. हा उपाय करू नये. एका कंपनीचा डेटा म्हणजे एकमेकींवर अवलंबून असलेल्या अनेक फाइली. एकाच कचेरीच्या लॅनवर दोघे व्हाउचर (व्यवहाराच्या नोंदी) टाकत असले तर टॅली फाइलींना तात्पुरती कुलपे लावून त्यांच्यात ताळमेळ राखते, पण सिंक करणाऱ्या प्रोग्रामला त्या कुलपांची खबर नसते. दोन ठिकाणी एकाच वेळी नोंदी झाल्या की काही फाइली इकडच्या, काही तिकडच्या उरतात, शिवाय ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ नावाची पिल्ले होतात. कंपनी मग उघडतच नाही, किंवा उघडते आणि बाकी जुळत नाही. दुसरे जास्त वाईट, कारण ते उशिरा कळते. अशा वेळी आधी सिंक थांबवून पूर्ण फोल्डरची प्रत बाजूला ठेवावी, मग टॅलीप्राइममध्ये (टॅलीच्या नव्या आवृत्तीत) ऑल्ट व वाय दाबून रिपेअर चालवावे. गेलेल्या नोंदी मात्र रिपेअरने परत येत नाहीत.

योग्य विभागणी अशी: टॅली चालते ती सर्व्हरवर, बाजारात ‘टॅली ऑन क्लाउड’ म्हणून विकतात त्या पद्धतीने, आणि टॅलीतूनच घेतलेली बॅकअप फाइल, बिलांचे पीडीएफ, बँकेची स्टेटमेंट ही साठवणीत जातात. कंपन्यांच्या बाबतीत कायदाही आड येतो. हिशेबाची पुस्तके इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून तो रोजच्या रोज.

अडणाऱ्या गोष्टी : डिजिटल सहीचे टोकन, म्हणजे सहीची किल्ली ठेवलेले यूएसबी उपकरण, ही सीए कचेऱ्यांची मुख्य अडचण. सहीची खासगी किल्ली टोकनाबाहेर येत नाही, आणि टोकन असते टेबलावरच्या संगणकात. ब्राउझरमधून उघडलेल्या ॲपस्ट्रीम सत्राला ते दिसत नाही. विंडोजवर इन्स्टॉल केलेला ॲपस्ट्रीमचा प्रोग्राम (क्लायंट) वापरून यूएसबी पुढे पाठवण्याची परवानगी द्यावी लागते. त्यापेक्षा विवरणपत्र सर्व्हरवर तयार करून त्याची जेसन फाइल (पोर्टलवर चढवायची डेटा फाइल) खाली उतरवावी आणि पोर्टल व सही आपल्या संगणकावरूनच करावी, हे कमी कटकटीचे.

मराठीसाठी दोन्हीकडे वेगवेगळे खड्डे आहेत. रिमोट डेस्कटॉपसारख्या प्रणाली कळीचा क्रमांक पाठवतात, अक्षर नाही; म्हणून मराठी कळफलक आपल्या संगणकावर असून उपयोग नाही, तो सर्व्हरच्या प्रतिमेतच बसवावा लागतो. साठवणीत उलट: श्री-लिपी किंवा कृतिदेवमधला जुना मजकूर सुखरूप पोहोचतो, पण समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की निमंत्रणपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. छपाईवाल्यांनी रंगाचा निर्णय स्ट्रीमिंगच्या पडद्यावर घेऊ नये. चित्र दाबताना रंगाची माहिती निम्म्या बारकाव्याने पाठवण्याची पद्धत आहे, तिच्यामुळे पांढऱ्यावरची बारीक लाल अक्षरे फाटल्यासारखी दिसतात. रंगाची माहिती पूर्ण बारकाव्याने पाठवणारा ४:४:४ हा पर्याय असेल तर तो लावल्यावर दोष जातो आणि डेटा जास्त लागतो.

खर्च : साठवणीचे पैसे घेतलेल्या जागेनुसार, महिन्याचे ठरलेले; गुगल १५ जीबी आणि वनड्राइव्ह ५ जीबी फुकट देते. स्ट्रीमिंगचे पैसे सर्व्हर चालू असलेल्या तासांवर मोजतात, समोर कोणी बसलेले असो वा नसो. चहाला उठलेल्या माणसाचे सत्र आपोआप तुटेल अशी वेळ लावली नाही तर बिल फुगते. मागणीनुसार सर्व्हर सुरू करण्याचा प्रकार स्वस्त पडतो, पण सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटे थांबावे लागते. जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या मासिक विवरणपत्राच्या मुदतीला, २० तारखेला, सगळेच एकदम आत येतात. ताफ्याची कमाल मर्यादा १० असेल तर अकराव्याला जागा मिळत नाही. ही मर्यादा १८ तारखेपासून वाढवून २१ ला उतरवण्याचे वेळापत्रक लावून ठेवता येते.