मागे मागे येणारा ड्रोन गोव्यात उडवायचाय? आधी बिल आणि वजन बघा

सायकलवर, सड्यावर किंवा वाळूत धावताना आपोआप मागे येऊन शूटिंग करणारा ड्रोन घेतला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "तो स्वतःच उडतो, मग मला कसली परवानगी?" बटण दाबणारे तुम्ही, म्हणून जबाबदारी तुमची. 25 ऑगस्ट 2021 ला आलेले ड्रोन नियम या ड्रोनलाही लागू आहेत, आणि ते मोडले तर दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

नोंदणीचे सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते बिलावर. आपल्याकडे घरटी एक तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा. मामा बोटीवरून परत येतो तो भाच्यासाठी ड्रोन घेऊनच. परवा पेडण्याहून एक मुलगा असाच ड्रोन घेऊन माझ्याकडे आला. खोक्यावरचं प्लास्टिकसुद्धा त्यानं जपून ठेवलं होतं, पण आतली परदेशी दुकानाची पावती पार पांढरी पडलेली. ती नीट वाचता आली असती तरी उपयोग नव्हता. 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोन परदेशातून आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्यांनाच सवलत, तीही परवानगी घेऊन. भेट म्हणून आणला, सामानातून आणला, त्यानं फरक पडत नाही. त्या मुलाला हे सांगताना मला फार वाईट वाटलं. म्हणून सांगते, मामाला फोन तो बोटीवर असतानाच करा.

दुसरी अडचण टाइप सर्टिफिकेटची, म्हणजे ड्रोनच्या मॉडेलला मिळालेल्या सरकारी मान्यतेची. 250 ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला यूआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, हवा असेल तर त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट असावं लागतं. ते कंपनीनं काढायचं असतं, तुम्हाला काढता येत नाही. विकत घेण्याआधी दुकानदाराकडे त्याचा नंबर मागा. "नंतर पाठवतो" असं उत्तर आलं तर पैसे देऊ नका.

250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो. त्याला टाइप सर्टिफिकेट नको, विमा नको, रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोन उडवण्याचा परवानाही नको. यूआयएन मात्र हवाच, आणि नेमकं हेच लोक विसरतात. खोक्यावर 249 ग्रॅम छापलेलं असतं. त्यावर पंख्यांचे गार्ड आणि मोठी बॅटरी चढली की तो नॅनो राहत नाही. जसा उडवणार तसा पोसरकाराच्या, म्हणजे वाण्याच्या काट्यावर ठेवून बघा. आकडा 250 च्या पुढे गेला की थर्ड पार्टी विमा लागतो. 2 किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवलात तर पायलट सर्टिफिकेट लागत नाही, व्यवसायासाठी लागतं. व्हिडिओतून कमाई होत असेल तर "हौस" म्हणून अर्ज करू नका, असा माझा सल्ला आहे. त्या सर्टिफिकेटसाठी वय 18 ते 65, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण हवं. पासपोर्टची सक्ती सप्टेंबर 2023 मध्ये गेली, मतदार ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. तरीही लोक पासपोर्टसाठी महिनोन्‌महिने थांबतात, कारण हे त्यांना कुणी धड सांगतच नाही.

जुन्या ड्रोनवाल्यांसाठी एक गोष्ट. 2020 मध्ये मिळालेला डॅन क्रमांक ही ड्रोन असल्याचं सरकारला कळवल्याची पोच, नोंदणी नव्हे. 30 नोव्हेंबर 2021 पर्यंतच्या ड्रोनना नोंदणीसाठी त्यानंतर फक्त 31 दिवसांची मुदत होती, आणि त्यालाही डॅनबरोबर जीएसटी भरलेलं बिल लागत होतं.

बाकी अर्ज सोपा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ई-जीसीए पोर्टलवर खातं उघडा, डी-2 फॉर्म भरा, 100 रुपये भरा. सीरियल नंबर मात्र ड्रोनवरून बघून लिहा, खोक्यावरून नको.

आता जागा. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन पोर्टलच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे झोन दिसतात. हिरव्यात परवानगी नको, लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा झोन, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. दाबोळी विमानतळावर हे नियंत्रण नौदलाकडे आहे. लोक अंतर मोजतात ते गेटपासून रस्त्यानं. मोजायचं ते विमानतळाच्या हद्दीपासून सरळ रेषेत. त्यामुळे बोगमाळो, वेळसांव तर सोडाच, मोपा विमानतळामुळे पेडणे शहरही आत येतं. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फूट आणि त्यापलीकडच्या हिरव्या झोनमध्ये 400 फूट ही मर्यादा.

काल हिरवी असलेली जागा आज लाल असू शकते. पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्या वरचा अधिकारी एखादा भाग 96 तासांपर्यंत लाल ठरवू शकतो. मोठ्या पाहुण्यांचा दौरा असेल तेव्हा हे खास लक्षात ठेवा, आणि नकाशा त्याच दिवशी सकाळी बघा. मोले, खोतीगाव, म्हादई या अभयारण्यांत आणि कासवांच्या मोरजी, आगोंद, गालजीबाग किनाऱ्यांवर नकाशा हिरवा दिसला तरी आधी वनखात्याला विचारा.

शेवटी मागे येणाऱ्या ड्रोनचा खास धोका. पडद्यावर दिसणारी उंची बहुतेक ड्रोन जिथून उडाला तिथून मोजतात. सड्यावरून उडवून तुम्ही सायकलनं खाली शेताकडे उतरलात, तर पडद्यावर 150 फूटच दिसेल आणि खालच्या जमिनीपासून तो 200 च्या वर गेलेला असेल. शिवाय ड्रोन नजरेसमोर राहायला हवा, आणि तुम्ही तर समोरचा रस्ता बघत असता. म्हणून कुणाला तरी सोबत घ्या, रिमोट त्यांच्या हातात द्या आणि उतारावर शूटिंग करायचं असेल तर ड्रोन खालच्या टोकावरून उडवा.