किनाऱ्याची रेघ कोणी आखली आणि ती आपल्याला दिसायला इतकी वर्षं का लागली

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे हे शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय. केंद्राच्या जुन्या कागदात हाच आकडा ६५२.६ होता आणि अलीकडच्या फेरमोजणीत तो ८७७.९७ झालाय, देशाचा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१. जमीन वाढली असं काही नाही हां. आधीची मोजणी १९७० च्या दशकातली, १:४५,००,००० स्केलच्या नकाशावरची, त्यात आपल्या खाड्या-बिड्या सगळ्या गुळगुळीत होऊन जातात. आता १:२,५०,००० च्या चार्टवर मोजलं तर वळणन् वळण धरलं गेलं आणि आकडा फुगला.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे किनारा वाचवायचा प्लॅन म्हणजे शेवटी नकाशावरच्या दोनतीन रेघा असतात. भरतीची रेघ, तिथून ५० मीटर, २०० मीटर, ५०० मीटर. त्या रेघेच्या अलीकडे घर आलं की एक नियम आणि पलीकडे आलं की दुसरा. आणि हा नकाशा किनाऱ्यावरच्या माणसाने बघायचाच नाही असा आपल्याकडे कित्येक वर्षं अक्षरशः नियम होता. सीमेपासून आणि किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले सर्व्हे ऑफ इंडियाचे तपशीलवार नकाशे सुरक्षेच्या कारणाने रिस्ट्रिक्टेड होते. कोकणाची रुंदी बघा, म्हणजे समुद्रापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत जवळपास सगळंच त्यात आलं. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सामान्य लोकांसाठी वेगळी मालिका काढली आणि खरी मोकळीक मिळाली ती २०२१ च्या फेब्रुवारीत. तोवर लोक मोबाइलवर सॅटेलाइटने आपल्या घराचं छप्पर बघत होते, तो भाग वेगळा.

नियमांची गोष्ट सुरू होते १९८१ ला. इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की भरतीच्या रेघेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामं नकोत. पत्रच ते, कायदा नव्हे, त्यामुळे दहा वर्षं तसंच चाललं. मग १९ फेब्रुवारी १९९१ ला सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, पहिली अधिसूचना आली. राज्यांनी वर्षभरात आपापला किनारा व्यवस्थापन आराखडा करायचा असं त्यात होतं. पाच वर्षं झाली तरी आराखड्यांचा पत्ता नाही, शेवटी एप्रिल १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुदत घालून दिली तेव्हा धावपळ झाली, आणि घाईत झालेल्या कामाचं जे होतं तेच झालं. १:२५,००० स्केलचा नकाशा म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर हा जमिनीवरचे २५ मीटर. नुसती पेनाची रेघच धरा ना, तिच्या जाडीत अख्खं घर, अंगण आणि विहीर बसते. घर रेघेच्या आत की बाहेर यावर माणसं वर्षानुवर्षं भांडतायत ती यातूनच.

अभ्यास नव्हता असं मात्र अजिबात नाही. मुंबईत अपोलो बंदरला भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासून आहे, हिंदी महासागरातल्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी ही एक. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा १९१६ ची, तिथे लाटांची मॉडेल्स करून बंधाऱ्यांच्या टेस्ट होतात. गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ ची, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून उभी राहिलेली. ज्ञान होतं, पण रिपोर्ट जायचा तो ज्या खात्याने मागवला त्याच्या कपाटात. पावसाळ्यात बंधाऱ्याचे दगड निघाले की गावाला कळायचं की डिझाइन चुकलं असावं, डिझाइन बघायला मिळायचं नाही.

२०११ च्या अधिसूचनेत यात जरा फरक पडला. राज्याच्या किनारा प्राधिकरणाने बैठकीचा अजेंडा, इतिवृत्त, परवानग्या, उल्लंघनं हे सगळं वेबसाइटवर टाकायचं असं लेखी आलं. कागदावर छान. पण त्याच नियमांचा फेरविचार करायला २०१४ मध्ये शैलेश नायक समिती नेमली, तिने २०१५ च्या जानेवारीत अहवाल दिला आणि तो अहवालच बाहेर येईना! माहिती अधिकारात मागितला तरी नकार, मग केंद्रीय माहिती आयोगाने २०१६ मध्ये द्या म्हणून सांगितलं. ज्या अहवालावरून कोळीवाड्यांचे नियम बदलणार होते तो कोळीवाड्याने भांडून मिळवायचा, याला काय म्हणायचं. पुढे १८ जानेवारी २०१९ ला नवी अधिसूचना आली, दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० वर आला. आणि त्याच्या आदल्याच वर्षी चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१६ चा अभ्यास जाहीर केला होता की देशाचा साधारण एक तृतीयांश किनारा झिजतोय. दोन्ही कागद सरकारचेच.

किनारा आराखड्यावरच्या जनसुनावण्यांचंही तसंच. गोव्यात मार्च २०२१ ला झाली, लोकांना नीट बोलताच आलं नाही म्हणून प्रकरण हरित लवादाकडे गेलं आणि जुलैमध्ये पुन्हा घ्यावी लागली. तक्रारी तुम्हाला अंदाजाने सांगता येतील, खाझनं (खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतं), वाळूच्या टेकड्या, मच्छीमारांची वस्ती नीट दाखवलेली नाही. होड्या कुठे ओढतात आणि मासळी कुठे सुकवतात हे सॅटेलाइटला कसं कळणार, त्यासाठी गावात जाऊन विचारावं लागतं.

आमच्याकडे खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या पट्ट्यात, तर याची वेगळीच गंमत आहे. खाडीला मातीचा बांध, बांधात उघाडी, म्हणजे दार, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं आणि भरती चढली की पाण्याच्या रेट्यानेच मिटतं. पूर्वी गावकरी मिळून बांध राखायचे, १९४८ ला खारजमिनीचा कायदा आला, १९७९ ला नवा आला, आणि हळूहळू बांध सरकारचा झाला. एका उधाणाला बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडते, दुरुस्तीची फाइल फिरत राहते, तोवर भातशेतात खारं पाणी आणि तीनचार वर्षांत कांदळवन. हायकोर्टाच्या २००५ च्या आदेशापासून कांदळवनाला हात लावायचा नाही, आणि ते बरोबरच आहे म्हणा, २०१२ ला त्यासाठी वेगळा कक्षही झाला. पण सातबारावर भात आणि नकाशावर जंगल.

२०१९ च्या अधिसूचनेत यासाठी एक बारीक कलम आहे. बांध किंवा उघाडी १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीची असेल तर भरतीची रेघ तिथेच थांबते, मात्र आत खाऱ्या पाण्याने कांदळवन उगवलं असेल तर तेवढी जागा कडक संरक्षणातच जाते. म्हणजे पहिल्या मुद्द्यासाठी आता उघाडीचं वय सिद्ध करायचं. आमच्या काकांनी मागच्या वर्षी घरातल्या ट्रंका उपसल्या, तेव्हा बांधदुरुस्तीच्या वर्गणीची एक वही सापडली, वाळवीने एक कोपरा खाल्लेला, पण १९८३ हे साल स्पष्ट दिसतंय. तिची झेरॉक्स त्यांनी अर्जाला जोडलीय.