झोपेची गोळी अचानक बंद केली की मेंदूत काय होतं?

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नावं वेगवेगळी असली तरी घरात या सगळ्यांना एकच नाव असतं, झोपेची गोळी. कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं ती घेतल्यावर माणूस एके दिवशी 'आता पुरे' म्हणतो आणि थांबतो. मग हात थरथरतात, छाती धडधडते, दरदरून घाम येतो, रात्रभर डोळा लागत नाही. मिक्सरचा आवाज असह्य होतो, ट्यूबलाइट डोळ्यांना खुपते. घरचे म्हणतात, 'मन खंबीर कर.' किंवा म्हणतात, 'बघ, जुनी भीती परत आली.' ही दोन्ही वाक्यं त्या माणसावर अन्याय करतात असं मला ठामपणे वाटतं. या त्रासाचा बराचसा भाग मेंदूच्या रसायनशास्त्रातून समजून घेता येतो, आणि तो समजला तर जीवही वाचू शकतो.

मेंदूतल्या चेतापेशींना चेतवणारं मुख्य रसायन म्हणजे ग्लुटामेट आणि त्यांना शांत करणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा. विशेष म्हणजे शरीर गाबा तयार करतं ते ग्लुटामेटपासूनच, एका एन्झाइमच्या मदतीने, एकाच पायरीत. चेतापेशीवर गाबाचे रिसेप्टर, म्हणजे गाबाला पकडून त्याचा संदेश पेशीला देणारे रेणू, असतात. त्यांतला एक प्रकार पाच तुकड्यांचा बनलेला असतो आणि त्याच्या मधोमध एक अरुंद वाट असते. गाबा येऊन बसला की ती वाट उघडते, क्लोराइडचे ऋणभारित आयन आत शिरतात आणि त्या पेशीला चेतवणं अवघड होतं.

बेंझोडायझेपिन गटातली औषधं, म्हणजे सुरुवातीला नावं घेतलेल्या गोळ्या, याच रिसेप्टरवर बसतात, पण गाबाच्या जागेवर नाही, शेजारच्या एका खाचेत. ती स्वतः वाट उघडत नाहीत. गाबा हजर असेल तर वाट नेहमीपेक्षा जास्त वेळा उघडेल एवढीच व्यवस्था करतात. त्याआधीची बार्बिट्युरेट औषधं वाट जास्त वेळ उघडी धरत आणि मोठ्या मात्रेत तर गाबाशिवायही उघडत. त्यामुळे ती श्वास थांबवू शकत. म्हणूनच रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेलं पहिलं बेंझोडायझेपिन, लिब्रियम, 1960 मध्ये आणि त्यापाठोपाठ 1963 मध्ये व्हॅलियम (म्हणजे डायझेपाम) बाजारात आलं तेव्हा डॉक्टरांना हायसं वाटलं. औषध मेंदूत नेमकं कुठे जाऊन बसतं हे मात्र 1977 मध्ये कळलं. तोवर जगभर लाखो लोक ते घेत होते.

औषध रोज येऊ लागलं की मेंदू गप्प बसत नाही, तो आपला तोल सांभाळू लागतो. रस्सीखेचीत एका बाजूला एक दांडगा गडी वाढला तर दुसरी बाजू टाचा रोवते, आणखी माणसं आणते. दोर पुन्हा मध्यावर येतो, पण आता दोन्हीकडे ताण जास्त असतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या टाचा रोवण्याचे काही पुरावे दिसले आहेत. गाबाचा रिसेप्टर आणि औषधाची खाच यांच्यातला दुवा सैल पडतो, रिसेप्टरच्या तुकड्यांची जुळणी बदलते, दुसरीकडे ग्लुटामेटच्या रिसेप्टरांचा जोर वाढतो. जुनी मात्रा पुरेनाशी होते ती यामुळेच. झोप आणणारा परिणाम सहसा लवकर, काही आठवड्यांतच ओसरू लागतो.

आणि मग तो दांडगा गडी एका रात्रीत निघून जातो. आवर घालणारी यंत्रणा दुबळी झालेली, चेतवणारी सज्ज. मेंदूच्या देठात नॉरअॅड्रेनालिन सोडणाऱ्या पेशींवरचा गाबाचा लगाम सुटला की धडधड, घाम, थरथर, वाढलेला रक्तदाब हे सगळं एकदम समोर येतं. डोळे-कान-त्वचेकडून येणाऱ्या संदेशांची छाननी गाबाच करत असतो. ती ढिली पडली की साधा आवाज टोचतो, अंगावर मुंग्या येतात. मज्जारज्जूतला आवर कमी झाला की स्नायू आखडतात. औषधाने दाबून ठेवलेली स्वप्नांची झोप उसळून येते आणि भयानक स्वप्नं पडतात. चेतापेशींची उत्तेजना फारच अनावर झाली तर फिट येते, भ्रम होतो. इथे जिवाला धोका असतो.

हे मनाचे खेळ नाहीत याचा पुरावा 1961 मध्येच मिळाला होता. रुग्णालयातल्या 11 रुग्णांना मोठ्या मात्रेतलं लिब्रियम काही महिने दिल्यावर, त्यांना न सांगता औषधाऐवजी निष्क्रिय गोळ्या दिल्या गेल्या. औषध बदललं आहे हे ठाऊक नसतानाही 10 जणांना नवा त्रास झाला, दोघांना फिट आली. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, पण त्यातून जे कळलं ते आजही तितकंच महत्त्वाचं आहे.

जुना आजार परतला की औषध सुटण्याचा त्रास आहे, हे ओळखायला 'नवा' हा शब्द उपयोगी पडतो. ज्याला आधी फक्त काळजी वाटायची, त्याला आता प्रकाश सहन होत नसेल, कानात गुंई आवाज येत असेल, तर जुन्या आजारात न बसणारं काहीतरी घडतंय. वेळही बोलकी असते. अल्प्राझोलाम रक्तातून लवकर उतरतं, त्यामुळे त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो. डायझेपाम आणि त्यापासून शरीरात बनणारे पदार्थ दिवसेंदिवस रेंगाळतात, म्हणून तिथे आठवडाही लागू शकतो. तोवर 'गोळी सोडून इतके दिवस झाले, तिचा काय संबंध?' असं वाटू लागतं.

म्हणून गोळी स्वतःच्या मनाने तोडू नये. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये 1982 पासून बारा वर्षं खास याच रुग्णांसाठी दवाखाना चालवणाऱ्या डॉ. हेदर अॅश्टन यांनी मात्रा हळूहळू उतरवण्याचा आग्रह धरला. काही रुग्णांना त्या लवकर उतरणाऱ्या गोळीवरून डायझेपामवर आणत, म्हणजे रक्तातली पातळी संथपणे घसरे. अमेरिकेतल्या 2025 च्या मार्गदर्शक सूचना सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के कपात सुचवतात. आपल्याकडे यांतली अनेक औषधं शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. पण सुरू करतानाच 'ही थांबवायची कधी आणि कशी' हे ठरवण्याची सक्ती कोणत्याच नोंदवहीत नाही. रुग्णाने किंवा घरच्यांनी तो प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

शेवटचा टप्पा बऱ्याच जणांना सगळ्यात जड जातो, आणि त्याचंही कारण रसायनशास्त्रात सापडतं. मात्रा आणि व्यापलेले रिसेप्टर यांचं नातं सरळ रेषेचं नसतं. मोठ्या मात्रेतून थोडी कपात केली तर फारसे रिसेप्टर मोकळे होत नाहीत. अगदी छोट्या मात्रेतून तेवढीच कपात केली तर खूप जास्त होतात. 'आता उरली फक्त पाव गोळी, टाकून देऊ' असं वाटतं तेव्हाच कपातीची पावलं आणखी लहान करावी लागतात. बहुतेकांचा मेंदू पुन्हा जुळवून घेतो. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला कित्येक महिने.