नवा रेडिएटर आतून कोण खातं?

दाजींची जीप १९९८ सालची. परभणी-गंगाखेड रस्त्यावर ती आधी काळीपिवळी म्हणून धावली, आता शेतातला माल ओढते. तिचा तांब्या-पितळेचा मूळ रेडिएटर वीस वर्षांहून जास्त टिकला. त्याच्या जागी बसवलेला ॲल्युमिनियमचा रेडिएटर मात्र पाचव्याच महिन्यात पाझरायला लागला. मिस्त्री म्हणाला, "सर, आजकाल माल डुप्लिकेट येतो." दाजी म्हणाले, "नजर लागली बगा गाडीला." दुसरा आणला, तोही सहा महिन्यांत गेला.

मी रसायनशास्त्र शिकवतो. दोन्ही रेडिएटर शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्हींच्या नळ्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि प्रत्येक भोकाभोवती पांढरी पूड. ती पूड म्हणजे ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड. धातू आतून बाहेर खाल्ला गेला होता. खाणारं पाणी अंगणातल्या बोअरचं होतं.

ॲल्युमिनियम खरं तर फार क्रियाशील धातू आहे. लोखंडाहूनही लवकर तो ऑक्सिजनशी संयोग पावतो. तरी आपली ॲल्युमिनियमची पातेली वर्षानुवर्षं टिकतात, कारण हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा काही नॅनोमीटर जाडीचा, पण इतका घट्ट की आतला धातू झाकलेला राहतो. ओरखडा पडला तर क्षणात पुन्हा भरून येतो. लोखंडाच्या गंजासारखा तो सुटून पडत नाही.

हा पापुद्रा फोडणारे दोन शत्रू आहेत. पहिला क्लोराइड, म्हणजे मिठातलाच आयन. दुसरा तांबं. आपल्या भागात जमिनीखाली काळा बेसॉल्ट. त्याच्या भेगांतून मुरत येणारं पाणी वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि क्लोराइड विरघळवून घेतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. माणसाला चालणारं हे पाणी ॲल्युमिनियमच्या पातळ नळीला चालत नाही.

आता तांबं कुठून आलं? मिस्त्रीचा प्रश्न रास्त होता: "तांब्याचा रेडिएटर तर काढून टाकला, आणि होज रबराचे. रबरातून करंट कसा जाईल?" उत्तर मला फार आवडतं. तांब्याला तारेची गरजच नाही, ते पाण्यातून येतं. जुन्या रेडिएटरमधून वर्षानुवर्षं झिजलेले तांब्याचे अंश इंजिनाच्या गाळात बसलेले असतात. पितळेचे नट, थर्मोस्टॅट, तांब्याचे वॉशर यांतूनही थोडं तांबं विरघळत असतं. हे आयन ॲल्युमिनियमपाशी पोचले की शाळेतली विस्थापन अभिक्रिया घडते: जास्त क्रियाशील ॲल्युमिनियम विरघळतो आणि तांबं त्याच्यावर ठिपक्यासारखं जमतं. प्रत्येक ठिपका म्हणजे नळीच्या भिंतीवर बसलेली एक सूक्ष्म बॅटरी. १८०० साली व्होल्टाने दोन वेगळ्या धातूंच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवून वीज मिळवली होती. इथेही दोन धातू आहेत, खारं पाणी आहे, आणि तार लागत नाही कारण धातू धातूला चिकटलेलाच आहे.

एकदा क्लोराइडने पापुद्र्याला छिद्र पाडलं की पुढचं काम छिद्र स्वतःच करतं. आत ॲल्युमिनियमचे धन आयन सुटतात. ते पाण्यातला हायड्रॉक्सिल भाग धरून ठेवतात आणि हायड्रोजन आयन मोकळे करतात, म्हणजे खड्ड्यातलं पाणी आम्लधर्मी होतं. आम्लात नवा पापुद्रा टिकत नाही. शिवाय आतला धनभार भागवायला बाहेरचे क्लोराइड आयन खड्ड्यात ओढले जातात. जास्त क्लोराइड, जास्त आम्ल, आणखी विरघळणं. तिकडे तांब्याच्या ठिपक्यांवर पाण्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेत राहतो, म्हणून मंडल पुरं होतं. ठिपके पसरलेले आणि खड्डा इवलासा, त्यामुळे साऱ्या पृष्ठभागाची झीज एका टोकावर एकवटते. क्लोराइड, बायकार्बोनेट आणि तांबं हे तिन्ही पाण्यात एकत्र आले की असे खड्डे सर्वांत जोरात पडतात. नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. आणि गळती सुरू झाली की आपण रोज ताजं बोअरचं पाणी भरतो. म्हणजे रोज नवा ऑक्सिजन, रोज नवं क्लोराइड.

जुना रेडिएटर टिकला तो तांब्याला या पाण्याचं तितकं भय नसतं म्हणून. नव्याचा माल वाईट होता, असं यातून सिद्ध होत नाही.

दाजींनी बंपरला लिंबू-मिरची बांधली होती. मी त्यांच्यासमोर एका लिंबात जस्ताचा खिळा आणि तांब्याची तार खुपसून मल्टिमीटर लावला. काटा एका व्होल्टच्या जवळ गेला. तेव्हा त्यांना सांगितलं की ही शक्तीही लिंबाची नाही, झिजणाऱ्या जस्ताची आहे. नजरेवर विश्वास ठेवल्याने दुसऱ्या रेडिएटरचे पैसे गेले, याचं मला वाईट वाटतं. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपायही सगळीकडे चालतो. हळदीचे कण भोकात अडकून फुगतात, गळती काही दिवस थांबते हे खरं. पण तेच कण अरुंद नळ्यांतही बसतात, आणि मेच्या उन्हात इंजिन तापतं. ‘लीक स्टॉप’च्या बाटलीचंही तसंच. रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरती ठीक.

गळती कुठे आहे ते आधी पाहायचं. प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियम यांच्या सांध्यावर डाग असेल तर दोष रबराच्या गॅस्केटचा, पाण्याचा नाही. जाळीत मधेच पांढरा ठिपका असेल तर वर सांगितलेला खड्डा. तो साध्या कथिलाने भरत नाही, कारण तोच ऑक्साइडचा पापुद्रा कथिल धरू देत नाही. आर्गॉन वेल्डिंग होतं, पण पातळ नळीला ते क्वचितच सोसतं.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र कुणीही उघडू नये. दाबाखालचं पाणी ११० अंशांवरही उकळत नाही. झाकण निघताच दाब जातो आणि दहा लिटरमधलं सुमारे १९० ग्रॅम पाणी एकदम वाफ होतं. ही वाफ तीनशे लिटरच्या आसपास भरते, आणि ती तोंडावर येते.

तिसरा रेडिएटर बसवण्याआधी आम्ही इंजिन बदाबदा धुतलं, तांबूस गाळ जाईपर्यंत. मग बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं. नुसतं डिस्टिल्ड पाणी पुरत नाही, पापुद्रा सांभाळणारी रसायनं कूलंटमध्ये असतात आणि ती संपतात, म्हणून डब्यावर लिहिलेल्या मुदतीत ते बदलावं लागतं. हिरवा, लाल, निळा हा नुसता रंग आहे, त्यावरून प्रत कळत नाही. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं, पोरं आणि कुत्री यांच्यापासून दूर ठेवावं.

शेवटी, कूलंटमधून गाडीचाच करंट जातो का ते पाहायला, मल्टिमीटर बॅटरीच्या ऋण टोकाला आणि थंड कूलंटमध्ये, धातूला न टेकवता, लावला. इंजिन बंद असताना आकडा अगदी कमी. दाजींनी स्टार्टर मारला आणि तो अर्ध्या व्होल्टवर उडाला. इंजिनापासून चासीला जाणारी अर्थची पट्टी गंजून तुटायला आली होती, स्टार्टरचा काही करंट कूलंटमधून वाट काढत होता. ती पट्टी मिस्त्रीने त्याच दिवशी बदलली आणि पुन्हा स्टार्टर मारायला लावून आकडा स्वतः पाहिला.