खोकला नाही म्हणजे टीबी नाही, असं नसतं

"खोकला नाही, मग टीबी कसला" हे कोल्हापुरात अजून सर्रास ऐकू येतं आणि त्यापायी खांदा धरलेली माणसं महिनोन्‌महिने तालमीत जाऊन चोळून घेतात, नाहीतर फ्रोजन शोल्डर (खांदा आखडण्याचा साधा आजार) समजून इंजेक्शनं घेत बसतात. खांद्याचा टीबी दुर्मिळ आहे हे खरं, पण होतो, आणि बऱ्याचदा ताप नाही, सूज नाही, नुसता हात वर जाईना आणि खांद्याचा स्नायू वाळत चाललाय एवढंच दिसतं. छातीचा एक्सरे आणि थुंकी क्लिअर आली तरी सांध्यात टीबी असू शकतो! सुरुवातीला खांद्याचा एक्सरेपण फसवतो, एमआरआयमध्ये संशय येतो, पण खात्री करायला सांध्यातलं पाणी किंवा आतला छोटा तुकडा काढून सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी), कल्चर (जंतू वाढवून बघणं), बायोप्सी (तुकड्याची तपासणी) करावी लागते. टीबी असताना नुसतं स्टिरॉइड टोचलं तर आजार वाढू शकतो, म्हणून दुखणं हटत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

ऑपरेशन क्वचितच लागतं. मुख्य उपचार गोळ्याच, साधारण १२ महिने, कधी जास्त, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत. आणि फुफ्फुसात टीबी नसेल तर घरच्यांना लागण होत नाही, पेशंटचं ताट वेगळं करू नका.