फोन करण्याआधी: ऑफिसमधल्या दुसऱ्या राउटरबद्दल

"काल सगळं व्यवस्थित होतं. आज सकाळी निम्म्या मशीनवर नेट आहे, निम्म्यांवर नाही. प्रिंटर कुणाला दिसतोय, कुणाला नाही." ऑफिसांची नेटवर्क सांभाळणाऱ्या आमच्याकडे सर्वांत जास्त फोन येतात ते असे. "दोन दिवसांत कुणी नवीन काही जोडलं का?" असं आम्ही विचारतो, आणि बहुतेक वेळा "नाही" असं उत्तर मिळतं. मग आम्ही येऊन केबलचा माग काढत बसतो आणि एखाद्या कपाटामागे छोटा वायफाय राउटर सापडतो. मीटिंग रूममध्ये सिग्नल येत नाही म्हणून कुणीतरी घरचा आणून लावलेला. लावणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या एका डब्यापायी सगळ्या ऑफिसचा अर्धा दिवस जातो, म्हणून हे पत्रक.

नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला एक पत्ता लागतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२३. हे पत्ते तुमचा मुख्य राउटर वाटतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. संगणक सुरू झाला की तो नेटवर्कभर हाक देतो, "मला पत्ता कोण देतंय?" आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता सहसा घेऊन मोकळा होतो. उत्तर देणारा खरा की उपरा, हे तो तपासत नाही. घरचा राउटरही पत्ते वाटण्यासाठीच बनलेला असतो. तो ऑफिसच्या केबलला जोडला की एकाच काउंटरवर दोघांनी आपापल्या पुस्तकातून टोकन द्यावीत तसं होतं. ज्यांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते मिळाले त्यांचं काम चालतं. ज्यांना नव्या राउटरने १९२.१६८.० चे पत्ते दिले ते त्याच्याकडे नेट मागत राहतात, आणि त्याच्याकडे बाहेर जायची लाइनच नसते. प्रिंटर जुन्या पत्त्यांच्या बाजूला, म्हणून यांना तोही दिसत नाही.

दोन्ही राउटरचा स्वतःचा पत्ता एकच निघाला, समजा दोघांचाही १९२.१६८.१.१, तर त्रास आणखी वाढतो. नेट दोन मिनिटं येतं, पुन्हा जातं. अशा वेळी लोक इंटरनेट कंपनीला दोष देतात, तिथे तक्रार नोंदवतात आणि दिवस वाया जातो.

ग्राहकांचा सर्वांत मोठा गैरसमज इथे होतो. राउटर लावला त्या दुपारी सहसा काहीच बिघडत नाही. मशीनला पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळालेला असतो आणि अर्धी मुदत सरली की ती ज्याने दिला त्याच्याकडूनच तो वाढवून घेते. त्यामुळे चालू मशीन चालूच राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे संगणक नव्याने सुरू होतात, पुन्हा हाक देतात, आणि तेव्हा घोळ उघडा पडतो. मधे एक रात्र गेलेली असल्याने "काल लावलेला राउटर" आणि "आज गेलेलं नेट" यांची सांगड कुणी घालत नाही. "काही जोडलं का?" हे आम्ही पुन्हा पुन्हा विचारतो ते याच कारणाने. त्यात कुणावर संशय नसतो.

हे तुम्हाला दोन मिनिटांत तपासता येतं. चालणारी एक आणि न चालणारी एक अशा दोन मशीन घ्या. दोन्हींच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी ॲड्रेस (मशीनचा पत्ता) आणि डिफॉल्ट गेटवे (मशीन ज्या राउटरकडे नेट मागते त्याचा पत्ता) बघा. गेटवे वेगवेगळे असतील तर ऑफिसात दुसरा राउटर आहे असं धरून चाला. न चालणाऱ्या मशीनचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट निराळी: तिला कुणाकडूनच पत्ता मिळालेला नाही, म्हणून तिने तो स्वतःच घेतला आहे. मग त्या मशीनची केबल, तिचा स्विच (मशीनच्या केबल जिथे एकत्र येतात तो डबा) आणि मुख्य राउटर चालू आहे का, ते पाहा.

राउटर सापडला की तो फक्त बंद करून तिथेच ठेवू नका, केबल काढा. उद्या कुणीतरी तो पुन्हा चालू करतं. नंतर अडलेल्या मशीन रीस्टार्ट करा. बहुतेकदा एवढ्याने काम भागतं आणि आम्हाला बोलवावं लागत नाही.

तोच राउटर मीटिंग रूमसाठी वापरायचा असेल तर वापरता येतो. आधी तो ऑफिसच्या नेटवर्कला न जोडता एका लॅपटॉपला जोडा. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड (फक्त वायफाय देणं, पत्ते न वाटणं) असेल तर तो निवडा. नसेल तर डीएचसीपी बंद करा, राउटरला ऑफिसच्या पत्त्यांच्या रांगेतला पण वाटपाबाहेरचा मोकळा पत्ता द्या, आणि मगच ऑफिसची केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये (आतल्या मशीनसाठीचा) लावा, वॅनमध्ये (बाहेरच्या लाइनसाठीचा) नाही. कुठला पत्ता मोकळा आहे ते फोनवर विचारा, आमच्याकडे तुमच्या ऑफिसची नोंद असते.

केबलचीही एक चूक होते. जागेची आवराआवर करताना लोंबणारं टोक दिसलं की ते रिकाम्या पोर्टमध्ये खोचलं जातं. तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये असेल तर माहिती गोल गोल फिरत राहते आणि साध्या स्विचवर काही क्षणांत सगळं ऑफिस ठप्प होतं. स्विचचे सगळे दिवे एकदम जोरात लुकलुकताना दिसले तर शेवटी लावलेली केबल काढा.

आता आमच्या काही पद्धतींबद्दल, कारण त्यावरून नाराजी होते. भिंतीवरचे रिकामे पोर्ट आम्ही मुद्दाम स्विचला जोडत नाही. रॅकला कुलूप असतं. राउटरचा पासवर्ड तुमचाच आहे, तो आम्ही बंद पाकिटात मालकांकडे देतो, पण टेबलाटेबलावर सांगत नाही. आणि दोष आमच्या कामात नसला तरी भेट हिशेबात धरली जाते. परवाच्या एका भेटीत राउटरची केबल काढायला एक मिनिट लागलं, पण तो शोधायला पावणेतीन तास. साधे स्विच होते, एकेक केबल काढून पाहण्याशिवाय मार्ग नव्हता. शेवटी तो फाइलींच्या गठ्ठ्यामागे सापडला, वर धूळ आणि हिरवा दिवा चालू.

मॅनेज्ड स्विच (ज्यात सेटिंग करता येतात असा) असता तर उपरा राउटर कुठल्या पोर्टवर आहे ते बसल्या जागी कळलं असतं. त्यात डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं की मुख्य राउटरच्या पोर्टखेरीज दुसरीकडून आलेलं पत्त्याचं उत्तर स्विच पुढे जाऊच देत नाही. चार-पाच मशीनच्या ऑफिसला हा खर्च आम्ही सुचवत नाही. पण दोन मजले किंवा वीसेक मशीन असतील तर आवर्जून सुचवतो. वार्षिक देखभाल करार असलेल्यांना ही सेटिंग आम्ही वेगळी रक्कम न घेता करून देतो.

मीटिंग रूममध्ये सिग्नल कमी असेल तर राउटर आणण्याआधी आम्हाला कळवा. आम्ही जागा बघून केबलवर चालणारा ॲक्सेस पॉइंट कुठे बसवायचा ते सांगतो. ही केबल १०० मीटरच्या आत असावी लागते आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडणारे चॅनल १, ६ आणि ११ हेच, त्यामुळे जागा आणि चॅनल दोन्ही बघूनच ठरवावे लागतात.

फोन कराल तेव्हा तीन गोष्टी हाताशी ठेवा: चालणाऱ्या मशीनचा गेटवे, न चालणाऱ्या मशीनचा गेटवे, आणि गेल्या दोन दिवसांत ऑफिसात कुठलंही टेबल हललं असेल, नवं उपकरण आलं असेल तर ते. प्रत्येक पोर्टवर आम्ही क्रमांक चिकटवलेला आहे, तोही सांगा.